ढवणांच्या घरी आलेली स्थळं

बार्शीत कुणाला सुट्टीसाठी बेटावर जायचं असलं, तर आधी ते बेट त्याच्या घरी येऊन त्याला बघून जातं. बेटाची पसंती आली तर जायचं, नाही आली तर दुसरं बेट बघायचं. हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

सुरुवात एका सरकारी कागदापासून झाली. पर्यटकांनी निघण्याआधी स्थळ नीट पाहावं, पसंती कळवावी आणि मगच पुढची बोलणी करावीत, असं त्या कागदात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला नकाशा, फोटो, हवापाणी असं काहीतरी म्हणायचं असेल. पण आपल्याकडं ‘स्थळ’ म्हटलं आणि वर ‘पसंती’ म्हटलं, की पुढचं सगळं ज्याच्या त्याच्या डोक्यात आपोआप मांडून होतं. लोकांनी सतरंज्या झटकल्या, पोहे भिजवले. बेटांनीही कागद त्याच अर्थानं वाचला असणार, कारण ठरल्या दिवशी ती खरोखर आली. पहिल्या वर्षी थोडी गडबड झाली, काही जिने भिजले. मग मध्यस्थ तयार झाले आणि रीत पडली.

त्या रीतीत बेटांनी आपल्या बाजूनं एकच नियम घातला. पाठीला हवेचं नळकांडं बांधून ज्याला समुद्राच्या तळाशी उतरायचं असेल, म्हणजे ज्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात ते करायचं असेल, त्याचं वय उलटलेलं नसावं. चौसष्टावं लागलं की त्या घरी बेट येत नाही, आलेलं असलं तर पाण्यात घेत नाही.

प्रमिला ढवण यांना संक्रांतीला चौसष्टावं लागत होतं, आणि दिवाळी तोंडावर आली तरी त्यांचं कुठं जमलं नव्हतं.

हौस प्रमिलाबाईंचीच. सगळी नोकरी त्यांनी अंगणवाडीत पोरांना तक्ता दाखवण्यात घालवली. तक्त्यावर कमळ होतं, गाय होती, बस होती आणि एक मासा होता. माशाचं तोंड डावीकडं. पुढं नवा तक्ता आला, त्यातही मासा डावीकडंच. एकदा एका पोरीनं विचारलं, “बाई, ह्याची दुसरी बाजू कशी असती?” प्रमिलाबाई म्हणाल्या, “अशीच असते.” घरी येऊन भाकरी थापताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण हे न बघताच सांगितलं. बार्शीच्या बाजारात मासे मिळतात, पण ते टोपलीत आडवे पडलेले. त्यांना कुणीकडं जायचंच नसतं. आपल्या मर्जीनं वळणारा मासा बघायचा, आणि तोही त्याच्या घरी जाऊन, असं त्यांनी निवृत्तीच्या समारंभात शाल खांद्यावर असतानाच जाहीर केलं. मग पुण्याला लेकीकडं राहून पोहण्याच्या तलावात त्या रीतसर शिकल्या, सर्टिफिकेट घेऊन आल्या, आणि तेव्हापासून सराव म्हणून घरच्या हौदात बुडी मारत होत्या.

त्यांच्या नवऱ्याला, रंगनाथरावांना, हे पटलेलं नव्हतं. तसं ते तोंडानं कधी बोलले नाहीत. मुळात ते बोलायचेच कमी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं सायकलचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी पंक्चरं काढली. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, हळूहळू फिरवायची, बुडबुडा आला की तिथं बोट ठेवायचं. बुडबुडा म्हणजे भोक. बुडबुडा म्हणजे आत होतं ते बाहेर चाललं. त्यामुळं हौदात बायको बुडी मारायची, वर बुडबुडे यायचे, आणि कपडे वाळत घालणाऱ्या रंगनाथरावांचं बोट आपोआप पुढं व्हायचं.

बेटांनी आपल्याला नापसंत करावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिलं बेट आलं ते नीलमोती. त्याला मालवणच्या अण्णा पारकरांनी आणलं. पारकर मध्यस्थीचंच काम करायचे. दारात आल्यावर बेटानं रीतीप्रमाणे अंगावरची वाळू पायरीवर झटकली, अंग चोरून आत आलं, पंख्याला लागू नयेत म्हणून नारळाची झाडं खाली वाकवली आणि सोफ्यावर बसलं. सोफ्यावर प्रमिलाबाईंनी जुनी सोलापुरी चादर घातली होती. निथळलेलं पाणी मोरीकडं जावं म्हणून रंगनाथरावांनी फरशीवर पोत्याची पाळ केली होती.

बेटासोबत त्याचं रिसॉर्ट आलं होतं. बेट गप्प होतं. जे काही बोललं ते रिसॉर्ट बोललं.

ज्याला बघायचं असतं तो पोह्यांचा ट्रे घेऊन येतो, ही रीत. इथं दोघांनाही बघायचं होतं, म्हणून ट्रे दोघांनी दोन बाजूंनी धरला. प्रमिलाबाईंनी हे आयुष्यात एकदा केलेलं होतं. रंगनाथराव नव्यानं करत होते, आणि मान किती खाली घालायची ते त्यांना कळेना.

“इतकीही नको,” प्रमिलाबाई ओठ न हलवता म्हणाल्या. “लचक भरली आहे असं वाटेल.”

“तुझी त्या दिवशी याहून खाली होती.”

“मी तुमच्या चपला बघत होते. दोन वेगवेगळ्या होत्या.”

रंगनाथरावांनी त्याआधीच एक काम करून ठेवलं होतं. प्रमिलाबाई केसाला पिना लावत असताना त्यांनी पोह्यांत मूठभर मीठ टाकलं होतं. स्थळ मोडायला एवढं पुरतं, असा त्यांचा अंदाज होता. बेटानं पहिला घास घेतला. मग थांबलं. मग त्याच्या काठाकाठानं पाणी भरून आलं.

“काय झालं?” पारकर घाबरून म्हणाले.

“घरच्यासारखं लागलं,” बेट म्हणालं. ते तेवढंच बोललं आणि ताटली पुढं केली. त्यानं तीनदा पोहे घेतले.

रिसॉर्टला मात्र कामाशी काम होतं. “गृहस्थांनी जरा चालून दाखवा,” ते म्हणालं.

रंगनाथराव मोरीपर्यंत गेले आणि परत आले.

“पाय फेंगडे आहेत.”

“सायकलीमुळं,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“असू दे. पाण्यात कुठं दिसतंय. आमच्याकडं सकाळच्या नाश्त्यालाच इतके पदार्थ असतात की माणसं पाण्यापर्यंत पोचत नाहीत.” रिसॉर्ट स्वतःच हसलं. “तुम्हाला काही विचारायचं नसेलच.”

“आहे की,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “तुमच्याकडचे मासे कुणीकडं तोंड करून जातात?”

“तुम्ही म्हणाल तिकडं,” रिसॉर्ट म्हणालं. “त्यासाठी माणसं ठेवली आहेत.”

प्रमिलाबाईंनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पारकरांचा फोन आला. दोघंही पसंत होती, पोहे तर विशेष पसंत होते. प्रमिलाबाईंनी नकार कळवला.

शेजारच्या विमलवहिनींना हे सहन झालं नाही. त्या भिंतीवरून म्हणाल्या, “स्वतःचं विमानतळ असलेलं स्थळ. पांढरीशुभ्र वाळू. आणि परत पाठवलंत? ह्या वयात किती चिकित्सा करायची, बाई.”

“मला मासा बघायचाय, वहिनी. सर्कस नाही.”

“बघा हं. संक्रांत काय, आली म्हणजे आली.”

दुसरं स्थळ पार महासागराच्या मधलं होतं, बांगडीसारखं गोल, मधे निळं तळं. ते लाजाळू होतं. त्याच्याबरोबर त्याचं दीपगृह आलं होतं, थोरल्या काकांच्या नात्यानं. काका सोफ्याच्या कोपऱ्यात ताठ बसले आणि सगळ्यांकडं पाळीपाळीनं बघत राहिले. त्यांची नजर फिरत फिरत आपल्यावर आली की डोळे मिटावे लागत, मग ती कॅलेंडरवरून, कपाटावरून, देवावरून फिरून परत यायची. मधल्या वेळात पटकन चहाचा घोट घ्यायचा.

“घराणं जुनं आहे,” काका म्हणाले. “बोट आपटल्याची तक्रार नाही.”

“पोरगं बोलत नाही काही,” रंगनाथराव म्हणाले. हा स्वभाव त्यांना जवळचा वाटला होता.

“त्यांना दोघांना जरा मोकळं बोलू दे,” पारकरांनी सुचवलं. म्हणून प्रमिलाबाई आणि बेट गच्चीवर गेली.

गच्चीवर पापड वाळत होते. बेट ते न भिजवता कडेनं बसलं आणि बराच वेळ पाण्याच्या टाकीकडं बघत राहिलं.

“खरं सांगू?” ते म्हणालं. “मला यायचंच नव्हतं.”

“दुसरं कुणी मनात आहे का?”

“नाही. मी बुडतंय. दरसाली थोडं थोडं. काकांनी सांगू नको म्हटलंय.”

प्रमिलाबाईंनी पदर खोचला आणि त्याच्याशेजारी बसल्या. “मग माणसं यायला नकोत का?”

“यावीत असं वाटतं. पण सवय लागली तर जाताना जड जाईल.”

प्रमिलाबाईंनी बेटाच्या कोरड्या भागावरून हात फिरवला, खाली आणलं आणि दिवाळीच्या चिवड्याचा डबा भरून दिला. डबा परत करायची घाई नाही, असंही सांगितलं. काका जिना उतरेपर्यंत सगळ्यांकडं बघत होते.

त्या दिवशी रंगनाथरावांनी मीठ टाकलं नव्हतं, तरी स्थळ मोडलं होतं. त्यांना बरं वाटायला हवं होतं. प्रमिलाबाई गच्चीवर जिथं बेट बसलं होतं तिथली ओल फडक्यानं टिपत होत्या आणि बराच वेळ टिपतच राहिल्या. रंगनाथराव खाली येऊन दुकानात बसले, आणि ज्या सायकलला काही झालं नव्हतं तिची चेन काढून परत बसवली.

त्यानंतर बरेच दिवस कुणी आलं नाही. विमलवहिनी रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना विचारायच्या, “आज कोण?” आणि उत्तर न ऐकताच आत जायच्या.

भोगीच्या दिवशी दुपारी पारकर पुन्हा आले. या वेळी ते आधी एकटेच आत आले आणि हळू आवाजात बोलले.

“बघा हां, आधीच सांगून ठेवतो. मग पारकरांनी फसवलं म्हणायचं नाही. धाकटं कुडं असं नाव. रंगरूपानं साधं. विमानतळ नाही, रिसॉर्ट नाही, नारळ आहेत तेवढेच. भावंडांत शेंडेफळ, त्यामुळे वडीलधारं कुणी बरोबर आलेलं नाही. पण पाणी असं नितळ, की तळाला पडलेली सुई उचलून घ्यावी.”

“आत तर येऊ दे त्याला,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “उन्हात कशाला उभं केलंय.”

धाकटं कुडं आत आलं. ते एवढं लहान होतं की त्याला अंग चोरावं लागलं नाही. त्याच्याजवळ एक पिशवी होती. पाण्यात उतरायचं सामान त्यानं बरोबरच आणलं होतं, न जाणो कुणाला हात लावून बघायचं असलं तर. ते चादरीच्या अगदी काठावर बसलं.

या वेळी प्रमिलाबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. “त्या दिवशी मीठ कुणी टाकलं ते मला ठाऊक आहे,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि रंगनाथराव बाहेर येऊन बसले. पोहे संपले होते, म्हणून प्रमिलाबाईंनी चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले. आपल्याकडं त्याला सुशीला म्हणतात. बाहेर बसलेल्या कोकणातल्या पाहुण्यांना हे माहीत नव्हतं.

“सुशीला झाली की लगेच आणते,” आतून आवाज आला.

बेट सावरून बसलं. “त्यांना सावकाश येऊ द्या,” ते पारकरांना म्हणालं. “मोठी लेक का?”

“असेल,” पारकर म्हणाले. “मला बोलले नव्हते.”

ताटल्या आल्या तरी बेट दाराकडंच बघत होतं. सुशीला कोण ते कळल्यावर ते ओशाळलं आणि त्याच्या झाडावरून एक शहाळं खाली पडलं. ते प्रमिलाबाईंनी उचलून फळीवर ठेवलं. त्यानंतर बोलणं सोपं झालं.

“तुम्हाला का यायचंय?” बेटानं विचारलं. आजवर कुणी हे विचारलं नव्हतं.

प्रमिलाबाईंनी तक्त्याचं सांगितलं. त्या पोरीचं सांगितलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला.

बेटानं विचार केला. “मला नाही सांगता येणार,” ते म्हणालं. “मला ते वरून दिसतात. वरून त्यांची नुसती पाठ दिसते. मलाही पुष्कळदा वाटतं, की यांची तोंडं कशी असतील.”

“म्हणजे तुम्हीही बघितलेलं नाही?”

“नाही.”

प्रमिलाबाई नवऱ्याकडं वळून हसल्या. तसं हसणं रंगनाथरावांनी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. ते बघून त्यांना आनंद झाला, आणि लगेच त्यांनी ताटली खाली ठेवली, कारण हे स्थळ आता जमणार होतं.

पारकरांना कुर्डुवाडीची गाडी पकडायची होती. ते आधी निघाले. बेटाला सोडायला रंगनाथराव फाटकापर्यंत गेले. तिथं बेट थांबलं आणि रीतीप्रमाणे म्हणालं, “मला बाई पसंत आहेत. वेळ कमी आहे, तर आजच बोलून टाकू. आपली काही हरकत?”

प्रत्येक गल्लीत स्थळ मोडणारं एक माणूस असतंच. कुणाला पूर्वी फिट येत होती, कुणाचा स्वभाव तापट, असं ते पाहुण्याच्या कानात जाता जाता सांगतं. पण स्वतःच्या बायकोचं स्थळ मोडणारा माणूस बार्शीत तोवर झालेला नव्हता.

“तिचा डावा कान फुटका आहे,” रंगनाथराव फाटकाच्या कडीकडं बघत म्हणाले. “पाणी लागलं की वाहतो.”

“असं होय,” बेट म्हणालं. खोल पाण्यात कान चांगला लागतो, हे लहान बेटालाही ठाऊक असतं. “बरं झालं सांगितलंत. त्यांना वाईट वाटेल असं काही कळवणार नाही.” त्यानं पिशवी उचलली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं निघालं. रस्त्यावर ओलाव्याची एक बारीक रेघ उमटत गेली.

रंगनाथराव आत आले तेव्हा प्रमिलाबाई ताटल्या विसळत होत्या.

“काय म्हणालं?”

“कळवतो म्हणालं.”

‘कळवतो’चा अर्थ त्या घरात दोघांनाही माहीत होता. प्रमिलाबाईंनी ताटल्या पालथ्या घातल्या, हात पुसले आणि कपाटावरून तक्त्याची गुंडाळी काढली. अंगणवाडीत नवा आला तेव्हा जुना त्यांनी घरी आणला होता. त्यांनी तो उलगडला, उलटा केला आणि खिडकीच्या काचेला लावून धरला. बाहेर ऊन होतं. कागद पातळ झाला होता. पाठीमागून मासा आरपार दिसत होता, आणि त्याचं तोंड उजवीकडं होतं.

“असाच दिसत असेल,” त्या म्हणाल्या. “झालं. बघितला.”

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. रंगनाथरावांनी पंक्चर झालेल्या इतक्या ट्यूबा हातात घेतल्या होत्या, की काहीच आवाज न करता हवा गेलेली वस्तू त्यांना ओळखू यायची. ते दुकानात गेले आणि सायकल बाहेर काढली.

स्टँडवर कोल्हापूरच्या फलाटासमोर बेट बाकावर बसलं होतं. बाकाखाली डबकं साचलं होतं. कंडक्टर त्याला समजावत होता.

“माझं काही नाही हो. पण आत बसवलं तर पॅसेंजर भिजतात, आणि टपावर सामान म्हणून टाकलं तर तुमच्या अंगावर झाडं आहेत. तारांना लागली तर कुणाचं नाव?”

“येताना कुणी काही म्हणालं नाही.”

“येताना रिकामी असती गाडी. भोगीला कोण येतंय. आता सणाला जाणारे बघा किती.” कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी गेली.

रंगनाथरावांनी सायकल स्टँडवर लावली आणि बेटाशेजारी बसले. त्यांचं धोतर मागून भिजलं.

“कान चांगला आहे तिचा,” रंगनाथराव म्हणाले. “दोन्ही चांगले आहेत. मी खोटं बोललो.”

“का?”

“मला बुडबुड्याची भीती वाटते.”

बेटानं हे नीट ऐकून घेतलं. “बुडबुड्यानं काय होतं?”

“आतली हवा जाते. चाळीस वर्षं हेच बघितलं मी. बुडबुडा दिसला की तिथं भोक. मी तिथं बोट ठेवायचो. आता ती तिथं खाली, आणि मी इथं वर. बोट कुठं ठेवणार?”

“आमच्याकडं उलटं असतं,” बेट म्हणालं. “बुडबुडे येतायत तोवर खालचं माणूस बरं आहे. येत नाहीत म्हटल्यावर काळजी करायची.”

“आणि ते बघतं कोण?”

“कुणीतरी वर बसून बघायचं असतं. मोठ्या बेटांकडं त्याला पगारी माणसं आहेत. माझ्याकडं कुणी नाही. म्हणून तर माझी दोन स्थळं मोडली.”

रंगनाथरावांनी पिशवीतलं नळकांडं बाहेर काढलं आणि टायर दाबून बघतात तसं अंगठ्यानं दाबून बघितलं. ते दबलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

“हवा भरपूर आहे,” ते म्हणाले.

“आहे.”

“नुसतं बुडबुडे बघायचं काम मला येतं.”

“अजून अंधार पडायला वेळ आहे,” बेट म्हणालं. “पण गाडी उद्याची. तिथं पोचेपर्यंत संक्रांत होऊन जाईल. वय उलटेल.”

रंगनाथरावांनी मान वळवून सायकलच्या कॅरिअरकडं बघितलं. मागच्या चाकात हवा थोडी कमी होती. पण ओझं लहान होतं.

बेट कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसावं तसं बसलं आणि त्यानं रंगनाथरावांच्या कमरेला धरलं. बाजारातून येताना लोकांनी वाट दिली. गाजरवाली म्हणाली, “पाव्हणं परत चाललं व्हय घरी?” रंगनाथराव म्हणाले, “व्हय.” फाटकाशी विमलवहिनी सुपात तीळ घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सायकल बघितली, कॅरिअर बघितलं, आणि फाटक उघडून धरलं.

घरामागं एक मोकळा प्लॉट होता. बेट तिथं उतरलं, दोनदा फिरून जागा बघितली आणि बसलं. बसल्यावर त्यानं अंग सैल सोडलं. त्याच्याबरोबर आलेला समुद्र चारही बाजूंनी कुंपणापर्यंत पसरला आणि तिथं थांबला.

प्रमिलाबाई पाठच्या दारात आल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या.

“ड्रेस घाल,” रंगनाथराव म्हणाले. “उजेड आहे तोवर.”

“कळवतो म्हणालं होतं ना ते?”

“मी खोटं बोललो. तुझा कान फुटका आहे म्हणून सांगितलं होतं.”

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. “कुठला?”

“डावा.”

“तोच कान मला तुमचं घोरणं ऐकवतो,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पंजाबी ड्रेस घालून आल्या. पायांना पोहायचे पंखे बांधले, डोळ्यांवर काच चढवली, पाठीला नळकांडं घेतलं. बेटानं पट्टे तपासले, रंगनाथरावांनी पुन्हा तपासले. मग त्या काठावर बसल्या, पाण्यात सरकल्या आणि डोक्यावर पाणी मिटलं.

रंगनाथरावांनी दुकानातलं स्टूल आणलं होतं. ते बेटाच्या वाळूत रोवून बसले.

बुडबुडे आले. एकामागून एक, मोठे, पांढरे. त्यांचं बोट पुढं झालं. त्यांनी ते मागं घेतलं आणि दुसऱ्या हातात धरून ठेवलं. आयुष्यभर त्यांनी बुडबुडा दिसला की तो बंद केला होता, आणि आता ते मनात म्हणत होते, येऊ दे, अजून येऊ दे. बुडबुडे कोपऱ्यातल्या बाभळीकडं सरकले. तेही स्टूल घेऊन तिकडं सरकले. बुडबुडे विमलवहिनींच्या भिंतीकडं गेले. ते तिकडं गेले. भिंतीवरून वहिनी बघत होत्या. सुपातले तीळ मुठीत तसेच होते.

मग बुडबुडे थांबले.

रंगनाथराव उभे राहिले. त्यांना पोहता येत नव्हतं. ते चपलांसकट गुडघाभर पाण्यात गेले. बेटानंही श्वास धरला असावा, कारण त्याची झाडं हलायची थांबली.

एक बुडबुडा आला. मग भराभरा पुष्कळ आले, कुणी हसल्यावर यावेत तसे.

प्रमिलाबाई वर आल्या तेव्हा सूर्य बाजार समितीच्या शेडमागं गेला होता. त्यांनी काच वर केली. चेहऱ्यावर तिचा गोल ठसा उमटला होता. रंगनाथराव अजून गुडघाभर पाण्यात उभे होते.

“मधेच का थांबलीस?”

“श्वास घ्यायचा विसरले. समोरच आला होता.”

“कुणीकडं तोंड होतं?”

प्रमिलाबाईंनी नाकातलं पाणी शिंकरलं.

“माझ्याकडं,” त्या म्हणाल्या.

संक्रांत झाली. रथसप्तमी झाली. एरवी स्थळाकडं माणसं नांदायला म्हणून आठवडाभर जातात. इथं स्थळच आठवड्यासाठी आलं होतं आणि आठवडा होऊन गेला होता. अण्णा पारकर चौकशीला आले. बेटाच्या वाळूवर विमलवहिनींच्या कुरडया वाळत होत्या.

“म्हणजे परत यायचं नाही म्हणता?” पारकरांनी बेटाला विचारलं.

“इथं बुडबुडे बघायला माणूस आहे,” बेट म्हणालं.

पारकरांनी मान डोलावली, आणि विमलवहिनींनी भिंतीवरून कुणी न विचारताच सांगितलं, “घरजावई आहे तो.”

प्रमिलाबाईंनी अंगणवाडीत जाऊन तक्त्यावर एक कागद चिकटवला. त्यावर समोरून दिसणारा मासा काढला होता, म्हणजे एक गोल, त्याला दोन बाजूंना दोन डोळे आणि मधे किंचित उघडं तोंड. पोरं म्हणतात, बाई, हा लाडू आहे. बाई म्हणतात, नीट बघा.

रंगनाथरावांच्या दुकानाची जुनी पाटी तशीच आहे. ‘पंक्चर काढून मिळेल.’ तिच्याखाली त्यांनी पांढऱ्या रंगानं, जमेल तशा अक्षरात, आणखी एक ओळ लिहिली आहे: ‘बुडबुडे बघून मिळतील.’